कॅल्शियम वाढलं, क्रेबला फॉस्फेट लागलं, तरी जनुक गप्प का?

प्रश्न थोडक्यात असा. उंदराच्या भ्रूणातल्या कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) चेतापेशी डिशमध्ये सहा दिवस वाढवल्या. त्यांना पाच मिनिटं जास्त पोटॅशियमचं द्रावण दिलं आणि धुऊन काढलं. कॅल्शियम वाढलेलं सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसलं. जनुकं चालू करणाऱ्या क्रेब या प्रथिनाच्या १३३ व्या अमिनो आम्लावर, म्हणजे सेरीन-१३३ वर, फॉस्फेट बसल्याचं अँटिबॉडीनं दाखवलं. सी-फॉस या जनुकाचा एमआरएनए (जनुकाची नक्कल) वर गेला, पण बीडीएनएफ या चेतापेशींच्या वाढघटकाच्या जनुकाचा जागचा हलला नाही. मग कॅल्शियम, क्रेब, बीडीएनएफ ही पाठ्यपुस्तकातली साखळी तुटली कुठे? आणि मुळात एवढासा एक आयन शेकडो जनुकांतून नेमकं कुठलं चालू करायचं हे ठरवतो कसा?

तुमच्या प्रयोगात काही बिघडलेलं मला दिसत नाही. पाच मिनिटांच्या उद्दीपनात सी-फॉस यावं आणि बीडीएनएफ येऊ नये, हेच अपेक्षित आहे. सहा दिवसांच्या पेशीत तर जास्तच. कॅल्शियम किती वाढलं याला जनुकाच्या लेखी फारशी किंमत नसते. ते कुठल्या दारानं आलं, किती वेळ टिकलं आणि त्या वेळी पेशीचं वय काय होतं, यावर सगळं ठरतं. वयाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

आधी दार. शांत बसलेल्या चेतापेशीच्या पेशीद्रवात मोकळं कॅल्शियम असतं साधारण ५० ते १०० नॅनोमोलर. बाहेर असतं एक ते दोन मिलिमोलर. पटलाच्या दोन बाजूंमध्ये दहा हजार पटींहून जास्त फरक. एवढ्या उतारावर पटलातली एखादी वाहिनी (आयनांना वाट देणारं प्रथिन) उघडली की आयन आत कोसळतात, आणि वाहिनीच्या अगदी तोंडाशी, काही दहा नॅनोमीटरच्या परिसरात, त्यांचं प्रमाण क्षणभर दहा-वीस मायक्रोमोलरच्या घरात जातं. पण तिथून पुढे त्यांची मजल फार जात नाही. पेशीद्रव कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या प्रथिनांनी गच्च भरलेलं असतं. आत आलेल्या शंभर आयनांतला एखाद-दुसराच मोकळा फिरतो. तुम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली पेशीभर जी चमक दिसते, ती दारातली गर्दी ओसरल्यानंतर उरलेली सरासरी आहे. जनुकांना जाणारा निरोप बहुतेक वेळा त्याआधीच निघालेला असतो.

हे पटवायला एक जुना प्रयोग पुरेसा आहे. बॅप्टा आणि ईजीटीए ही दोन्ही रसायनं कॅल्शियमला जवळपास सारख्याच घट्टपणे धरतात, पण बॅप्टा धरण्यात शंभर पटींनी चपळ. ईजीटीएनं हात पुढे करेपर्यंत आयन दारातून निसटून बराच आत पोचलेला असतो. बॅप्टा त्याला उंबऱ्यावरच गाठतं. १९९६ साली रिचर्ड त्सिएन यांच्या प्रयोगशाळेनं हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातल्या पेशींत ही दोन्ही वापरून पाहिली. ईजीटीए असतानाही केंद्रकातल्या क्रेबला फॉस्फेट बसलंच. बॅप्टा असताना बसलं नाही. याचा अर्थ निरोप वाचणारा वाहिनीला खेटूनच बसलेला असला पाहिजे, मायक्रोमीटरभरसुद्धा लांब नाही.

तो वाचणारा म्हणजे कॅल्मोड्युलिन. १४८ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन, कॅल्शियम धरायला चार जागा. पटलाचं विभव (विद्युतदाब) वर गेलं की उघडणाऱ्या एल-प्रकारच्या कॅल्शियम वाहिनीच्या शेपटीवर ते आधीपासूनच चिकटून असतं. २००१ मध्ये मायकल ग्रीनबर्ग यांच्या गटानं फार सुंदर युक्ती केली. पेशीच्या स्वतःच्या एल-वाहिन्या औषधानं बंद केल्या आणि त्या औषधाला दाद न देणारी, बाहेरून घातलेली वाहिनी तेवढी चालू ठेवली. मग त्या वाहिनीच्या शेपटीवरची कॅल्मोड्युलिन बसायची जागा बिघडवली. कॅल्शियम आत येत राहिलं, पण केंद्रकापर्यंतचा निरोप ढिला पडला. व्याख्यानात कोणी ‘कॅल्शियमचं प्रमाण वाढलं म्हणून जनुक चालू झालं’ असं म्हटलं की मला हा प्रयोग आठवतो.

दाराचा फरक प्रत्यक्ष जनुकावरही दिसतो. १९९३ मध्ये हिल्मार बाडिंग, डेव्हिड गिंटी आणि ग्रीनबर्ग यांनी दाखवलं, की एनएमडीए रिसेप्टरमधून (ग्लुटामेट या उत्तेजक रसायनानं उघडणाऱ्या वाहिनीतून) आलेलं कॅल्शियम आणि एल-वाहिनीतून आलेलं कॅल्शियम सी-फॉसच्या एकाच प्रमोटरवरच्या (जनुक चालू-बंद ठरवणाऱ्या, सुरुवातीपाशी असलेल्या डीएनएच्या पट्ट्यावरच्या) वेगवेगळ्या तुकड्यांना जागं करतं. कॅल्मोड्युलिनवर चालणारी कायनेजं (फॉस्फेट चढवणारी एन्झाइमं) दोन्ही वेळा जागी होतात, पण निरोप केंद्रकात न्यायला ती लागतात फक्त एल-वाहिनीच्या बाबतीत. शेवटी मिळणारा एमआरएनए एकच असल्यामुळे, नुसतं सी-फॉस मोजणाऱ्याला हा फरक कधी कळणारही नाही.

आता वेळ. दारापासून केंद्रकापर्यंत जाणाऱ्या वाटा अनेक आहेत आणि त्यांचा वेग वेगळा आहे. सगळ्यात झटपट वाट कॅल्मोड्युलिनची. कॅल्शियम धरलेलं कॅल्मोड्युलिन केंद्रकात पोचतं, तिथे कॅमकायनेज-४ ला जागं करतं आणि मिनिटाच्या आत-बाहेर क्रेबला फॉस्फेट बसायला लागतं. ते केंद्रकात पोचतं कसं, हे बरीच वर्षं कोडं होतं. २०१४ मध्ये कळलं, की कॅमकायनेज-२ चा गॅमा प्रकार त्याला उचलून नेतो. गंमत अशी, की या कामात त्याची स्वतःची कायनेज क्रिया लागतच नाही. तो नुसता हमाल.

दुसरी वाट रास आणि ईआरके या प्रथिनांची. ही सावकाश तापते, पण तापली की तासभर तरी गरम राहते. क्रेबवरचं फॉस्फेट टिकवून धरण्यात हिचा मोठा हात असतो. तिसरी वाट कॅल्सिन्युरिनची आणि ती उलट्या दिशेनं काम करते: फॉस्फेट चढवत नाही, उतरवते. एनएफएटी या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनावरचं फॉस्फेट उतरलं की ते प्रथिन काही मिनिटांत केंद्रकात शिरतं. जीएसके-३ हे कायनेज पुन्हा फॉस्फेट चढवून त्याला बाहेर घालवतं. एमईएफ-२ (असंच जनुकांवर बसणारं प्रथिन) आणि सीआरटीसी (क्रेबचं साथीदार) यांचीही किल्ली कॅल्सिन्युरिनकडेच. कॅल्सिन्युरिन थोडक्या कॅल्शियमवरही हलतं, कायनेजांना त्यापेक्षा जोराचा झटका लागतो. त्यामुळे लहानशी पण रेंगाळणारी वाढ आणि मोठी पण क्षणिक वाढ यांचे निकाल अगदी वेगळे येऊ शकतात. शिवाय केंद्रकात खुद्द कॅल्शियमही शिरतं. केंद्रकातलंच कॅल्मोड्युलिन अडवणारं प्रथिन घातलं, तर बाहेर सगळं व्यवस्थित चालू असूनही बरीच जनुकं उठत नाहीत.

तुमच्या निकालाचा पहिला उलगडा इथेच आहे. सेरीन-१३३ वर फॉस्फेट बसणं ही क्रेबची फक्त हजेरी. काम सुरू व्हायला सीबीपी नावाचं सहप्रथिन येऊन बसावं लागतं, आणि सीबीपीलाही कॅमकायनेज-४ कडून वेगळा इशारा लागतो. सीआरटीसीनं केंद्रकात यावं लागतं, म्हणजे कॅल्सिन्युरिनची संमती हवी. शिवाय हजेरी किती वेळ टिकते तेही महत्त्वाचं. १९९६ मध्येच दिसलं होतं, की काही सेकंदांच्या उद्दीपनानं बसलेलं फॉस्फेट फॉस्फटेज (फॉस्फेट उतरवणारी एन्झाइमं) पटकन पुसून टाकतात आणि जनुक उठत नाही. उद्दीपन काही मिनिटं चाललं तर ते पाऊण तास टिकतं आणि जनुक उठतं. तेव्हा पाचव्या मिनिटाला काढलेल्या एका ब्लॉटवरून (अँटिबॉडीनं प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीवरून) क्रेब ‘सक्रिय’ आहे असं लिहू नका. मी परीक्षक म्हणून असे प्रबंध पाहतो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतो: साठाव्या मिनिटाला काय होतं?

जनुकांच्या बाजूनंही वेळेचा हिशोब असतो. सी-फॉस, एनपास-४, आर्क ही उद्दीपनानंतर लगेच उठणाऱ्या पहिल्या लाटेतली जनुकं. यांना नवं प्रथिन बनण्याची वाट पाहावी लागत नाही. आर्कसारख्या जनुकावर तर नक्कल काढणारा आरएनए पॉलिमरेज आधीच येऊन, सुरुवातीपाशी थबकून उभा असतो. इशारा मिळाला की धावत सुटतो. काही जनुकांच्या प्रमोटरवर टोपोआयसोमरेज-२ बीटा हे एन्झाइम डीएनएची दोन्ही सूत्रं चक्क कापतं, असं २०१५ मध्ये दिसलं तेव्हा आमच्या वाचनगटात कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. दुसऱ्या लाटेतली जनुकं पहिल्या लाटेतल्या प्रथिनांवर विसंबून असतात. २०१८ च्या एका कामात हे नेमकं मोजलं गेलं: उद्दीपन काही क्षणांचं असेल तर पहिल्या लाटेतली सर्वांत चपळ जनुकं तेवढी उठतात, आणि तीही ईआरकेच्या जोरावर. पुढच्या लाटा यायला उद्दीपन चालू राहावं लागतं. बीडीएनएफवर क्रेबशिवाय एनपास-४ सुद्धा येऊन बसतं, आणि एनपास-४ आधी बनायला हवं. पाच मिनिटांत धुऊन काढलेल्या डिशमध्ये हे कुठून होणार?

बीडीएनएफबद्दल आणखी एक विचारायचं आहे: प्राइमर (जनुकाचा मोजायचा भाग ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) कुठले वापरलेत? उंदीर-घुशींमध्ये या जनुकाला सुरुवातीचे आठ वेगवेगळे एक्सॉन (एमआरएनएमध्ये राहणारे तुकडे) आहेत, प्रत्येकाला आपापला प्रमोटर, आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एकच कोडिंग, म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेला, एक्सॉन. कॅल्शियमला जोरात दाद देतो तो मुख्यतः चौथा प्रमोटर. कोडिंग एक्सॉनवरचे प्राइमर वापरले तर सगळ्या प्रमोटरांची बेरीज मोजली जाते आणि चौथ्याची वाढ त्या गलक्यात बुडते. जुने शोधनिबंध वाचताना एक काळजी घ्या. आज ज्याला चौथा म्हणतात त्याला १९९८ च्या सुमारास तिसरा म्हणत. क्रमांक नंतर बदलले. यात माझ्या एका विद्यार्थ्याचा महिना गेला होता.

आता वय. इथवर जे सांगितलं ते बहुतांशी सिनॅप्स (चेतापेशींमधले जोड) जमलेल्या, बऱ्यापैकी प्रौढ पेशींवरचं आहे. वाढत्या चेतापेशीत तीच यंत्रणा असते, पण सामान अर्धवट आलेल्या घरासारखी: दारं वेगळी, वाचणारे कमी-जास्त, आणि जनुकांभोवतीचं क्रोमॅटिनही (डीएनए आणि त्याला गुंडाळणारी प्रथिनं) अजून लागायचंय.

पहिला मोठा फरक गाबा या संदेशवाहक रसायनाचा. प्रौढ मेंदूत गाबा पेशीला शांत करतं. कोवळ्या चेतापेशीत क्लोराइड आत खेचणारा एनकेसीसी-१ हा वाहक भरपूर असतो आणि बाहेर काढणारा केसीसी-२ नगण्य. त्यामुळे आत क्लोराइड साचलेलं असतं. गाबाची वाहिनी उघडली की ते बाहेर पडतं आणि पटलाचं विभव वर सरकतं. एल-वाहिन्या उघडतात, एनएमडीए रिसेप्टरच्या तोंडातलं मॅग्नेशियमचं बूच सैल होतं, कॅल्शियम आत येतं. ग्लुटामेटचे सिनॅप्स पुरते जमायच्या आधीच जनुकांना निरोप पोचवायची ही सोय आहे. उंदीर-घुशींमध्ये जन्मानंतरच्या पहिल्या दोनेक आठवड्यांत केसीसी-२ वाढतो आणि गाबा आपला नेहमीचा स्वभाव धरतं. एक सावधगिरी: एका पेशीला गाबानं वर ढकललं म्हणजे सगळं जाळं उत्तेजित झालं असं नव्हे. जिवंत पिलांच्या कॉर्टेक्समध्ये गाबा पेशीचं विभव वर नेत असूनही जाळ्याला आवर घालताना दिसलं आहे. ‘कोवळ्या मेंदूत गाबा उत्तेजक’ हे वाक्य मी आता वर्गात तसंच्या तसं म्हणत नाही.

दुसरा फरक एनएमडीए रिसेप्टरचा. सुरुवातीला त्यात जीएलयूएन-२बी हा उपघटक जास्त असतो. तो उघडल्यावर सावकाश मिटतो, म्हणजे प्रत्येक धक्क्यामागे कॅल्शियम जास्त वेळ येत राहतं. पुढे जीएलयूएन-२ए वाढतो आणि दार चटकन मिटायला लागतं. डिशमध्ये सहाव्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी तुम्ही एकच द्रावण टाकता, पण पेशीला तो एकच प्रश्न वाटत नाही.

सिनॅप्स नसतानाही कॅल्शियम काय करू शकतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण बेडकाच्या भ्रूणातलं आहे. निकोलस स्पिट्झर यांच्या गटानं झेनोपसच्या मज्जारज्जूतल्या कोवळ्या पेशी बघितल्या. या पेशी कोणी न डिवचता आपल्या आपणच कॅल्शियमचे झटके देतात. प्रौढ चेतापेशीच्या मानानं हे झटके फार विरळ. सेकंदाला किती हे मोजायचं नाही, तासाला किती हे मोजायचं. १९९५ मध्ये गू आणि स्पिट्झर यांनी आधी हे नैसर्गिक झटके बंद पाडले. मग बाहेरचं कॅल्शियम हवं तेव्हा देऊन-काढून कृत्रिम झटके दिले, वेगवेगळ्या वारंवारतेनं. नैसर्गिक झटक्यांच्या चालीनं दिले तर पेशीत गाबा बनू लागलं आणि पोटॅशियम प्रवाह पक्व झाला. वाढत्या टोकाशी येणाऱ्या संथ लाटांच्या चालीनं दिले तर तंतूची लांबी नेहमीसारखी झाली. आयन एकच, पेशी त्याच, फक्त ताल वेगळा.

पुढची पायरी २००४ ची. त्याच गटानं जिवंत भ्रूणांत काही पेशींत पोटॅशियमच्या वाहिन्या जास्त घालून झटके कमी केले, काहींत सोडियमच्या जास्त घालून वाढवले. झटके कमी झाले तिथे ग्लुटामेट आणि ॲसिटिलकोलीन बनवणाऱ्या, म्हणजे उत्तेजक, पेशी वाढल्या. झटके वाढले तिथे गाबा आणि ग्लायसीनवाल्या वाढल्या. म्हणजे गोंगाट वाढला की शांत करणारे रसायन, कमी झाला की चेतवणारे. पेशीची बाकी ओळख सांगणाऱ्या खुणा मात्र तशाच राहिल्या. पेशी ‘कोण’ आहे हे बदललं नाही. ती काय बोलणार, हे बदललं. या निवडीमागची एक कडी नंतर सापडली: कॅल्शियममुळे सी-जुन या प्रथिनाला फॉस्फेट लागतं आणि ते टीएलएक्स-३ या जनुकाच्या प्रमोटरवर परिणाम करतं; टीएलएक्स-३ हे ग्लुटामेट की गाबा या फाट्यावरचं जनुक. बघा, इथे क्रेबचं नावही आलं नाही.

सस्तन प्राण्यांत इतका लख्ख फाटा सहसा दिसत नाही, पण जनुकांनी केलेली कामं भरपूर दिसतात. कॉर्टेक्सच्या पेशींत कॅमकायनेज-४ आणि क्रेबची वाट अडवली तर कॅल्शियमनं होणारी डेंड्राइटची (निरोप घेणाऱ्या फांद्यांची) वाढ खुंटते. कॅल्सिन्युरिन आणि एनएफएटी ही जोडी नसली तर भ्रूणात ॲक्सॉनचं (निरोप नेणाऱ्या तंतूचं) लांब जाणं बिघडतं. आणि एमईएफ-२ नं तर आमच्या पिढीची समजूतच उलटी केली: ते जागं झालं की उत्तेजक सिनॅप्सची संख्या कमी होते. आम्ही धरून चाललो होतो, की जास्त चलनवलन म्हणजे जास्त सिनॅप्स. एनपास-४ दुसऱ्या टोकानं तेच साधतं: पेशी फार चेतली की तिच्यावर येणारे शांत करणारे सिनॅप्स वाढवतं. म्हणजे कॅल्शियमनं उठवलेली बरीचशी जनुकं पुढचं कॅल्शियम कसं आणि किती येईल हेच बदलत असतात. वाढत्या पेशीत कारण आणि परिणाम वेगळे काढणं अवघड जातं ते यामुळे. तुम्ही मोजलेला आजचा कॅल्शियमचा आलेख कालच्या जनुकांनी काढलेला असतो.

जनुकाच्या भोवतालाबद्दल थोडंच. बीडीएनएफच्या चौथ्या प्रमोटरवर एमईसीपी-२ हे डीएनएला धरणारं प्रथिन बसलेलं असतं. पेशी चेतली की त्याला फॉस्फेट लागतं आणि पकड बदलते. याच एमईसीपी-२ च्या जनुकात दोष असेल तर रेट सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा आजार होतो. सीबीपीच्या जनुकातल्या दोषानं रुबिनस्टाइन-टायबी सिंड्रोम होतो. या दोन्हींचा अर्थ ‘कॅल्शियमचा निरोप बिघडला’ एवढाच लावू नये. ही प्रथिनं केंद्रकात इतरही शंभर कामं करतात, आणि आजाराचा कुठला भाग कुठल्या कामामुळे, हे वेगळं काढणं सोपं नाही.

टिमथी सिंड्रोम मात्र थेट दारावरचा आहे. एल-वाहिनीच्या सीएव्ही-१.२ या प्रथिनात ४०६ व्या जागी ग्लायसीनऐवजी अर्जिनीन येतं आणि वाहिनी उघडल्यावर वेळेत मिटत नाही. हृदयाची लय बिघडते, हातापायांची बोटं जुळलेली असतात आणि अनेक मुलांत स्वमग्नतेची लक्षणं दिसतात. यात वयाचा मुद्दा कसा येतो बघा. या जनुकात ८ए आणि ८ असे दोन पर्यायी एक्सॉन आहेत, पेशी एका वेळी त्यातला एकच घेते. कोवळ्या चेतापेशी ८ए जास्त घेतात, पक्व होताना ८ कडे वळतात. नेहमीच्या टिमथी सिंड्रोममधला दोष ८ए मध्ये असतो, म्हणजे मेंदू घडत असतानाच तो सर्वांत जास्त वापरला जातो. रुग्णांच्या त्वचेपासून बनवलेल्या मूलपेशींतून चेतापेशी तयार केल्या तेव्हा कॅल्शियम जास्त येताना दिसलं आणि चेतल्यावर उठणाऱ्या जनुकांचा नकाशाही बदललेला होता. टायरोसीन हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम जास्त बनत होतं. २०२४ मध्ये संशोधकांनी ८ए वगळून ८ घ्यायला लावणारे डीएनएचे छोटे तुकडे वापरले आणि मानवी पेशींतले बरेच दोष, घुशीच्या (रॅटच्या) मेंदूत रुजवलेल्या ऑर्गनॉइडमधलेसुद्धा (मूलपेशींतून वाढवलेल्या मेंदूच्या गोळ्यातलेसुद्धा), सुधारले. रुग्णांसाठी हे औषध झालं असं अजून म्हणता येत नाही.

आता तुमच्या बाकावर येऊ.

जास्त पोटॅशियम देणं म्हणजे पेशीला ‘चेतवणं’ नव्हे, हे आधी मनाशी पक्कं करा. बाहेरचं पोटॅशियम ५ वरून ५५ मिलिमोलर केलं, आत १४० धरलं, तर पोटॅशियमचं समतोल विभव सुमारे उणे ८९ वरून उणे २५ मिलिव्होल्टपर्यंत येतं. पेशी तिथे अडकून बसते. सोडियमच्या वाहिन्या उघडून लगेच निष्क्रिय होतात, म्हणजे स्पंद (पेशीचे विद्युत झटके) येणं बंद. बऱ्याच इतर कॅल्शियम वाहिन्याही थकतात. उघड्या राहतात त्या मुख्यतः एल-वाहिन्या. त्यामुळे पोटॅशियमचे बहुतेक निकाल हे ‘एल-वाहिनी बराच वेळ उघडी राहिली तर काय’ याचं उत्तर असतात. शिवाय पेशी ग्लुटामेट सोडतात ते वेगळंच. एनएमडीए रिसेप्टर अडवणारं एपी-५ नसेल तर त्यातलं कॅल्शियम त्यात मिसळतं. खऱ्या चलनवलनाच्या जवळ जायचं असेल तर बायकुक्युलिन (गाबाची वाहिनी अडवणारं) आणि ४-एपी (पोटॅशियमच्या वाहिन्या अडवणारं) देऊन स्पंदांचे झुबके आणा. पण सहाव्या दिवशी ते चालेलच असं नाही: सिनॅप्स पुरेसे नसतात आणि गाबा अजून पाठीवरून हात फिरवत नसतं, ढकलत असतं.

पोटॅशियमच घ्यायचं तर द्रावणातलं सोडियम तेवढंच कमी करा, नाहीतर परासरणाचा धक्का वेगळाच बसतो. आदल्या रात्री टीटीएक्स (सोडियमच्या वाहिन्या अडवणारं) आणि एपी-५ टाकून पेशी शांत करा. एल-वाहिन्या अडवणारं निफेडिपिन वापरत असाल तर दिवे मंद ठेवा, ते प्रकाशात विघटतं. आणि हेही लक्षात ठेवा, की या जातीची औषधं विभव वर अडकलेल्या पेशीत चांगली बसतात, छोट्या-छोट्या स्पंदांच्या वेळी अर्धवट. स्पंदांच्या प्रयोगात निफेडिपिननं फरक पडला नाही म्हणून एल-वाहिन्यांना निर्दोष सोडू नका.

नियंत्रण डिशबद्दल एक घरचीच फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या नियंत्रण डिशमध्येही सी-फॉस दणक्यात यायचं. दोन आठवडे मी अँटिबॉडीला शिव्या घातल्या. शेवटी कळलं, की मी उद्दीपनाच्या अर्धा तास आधी माध्यम बदलत होतो, सीरमसकट. ताज्या सीरमला सी-फॉस मोठ्या आनंदानं उठतं, त्याला कॅल्शियमची गरज नाही. तेव्हापासून शेजारच्या नळीत एनपास-४ मोजल्याशिवाय मी सी-फॉसवर विश्वास ठेवत नाही. एनपास-४ जवळजवळ फक्त कॅल्शियम आत आल्यावर उठतं; वाढघटकांनी हलत नाही. नियंत्रणात सी-फॉस वर आणि एनपास-४ खाली असेल, तर दोष तुमच्या हाताळणीत शोधा.

कॅल्शियम दाखवायला जीकॅम्प हे चमकणारं प्रथिन वापरणार असाल तर आणखी एक खोच. जीकॅम्पच्या पोटात कॅल्मोड्युलिनच आहे. ते जास्त बनलं तर एल-वाहिनीच्या शेपटीशी झोंबतं आणि जनुकांकडे जाणारा निरोपच बिघडवतं, हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं आहे. केंद्रक जीकॅम्पनं भरलेल्या पेशी तर सरळ वगळा. मोजायला आलेलं उपकरणच मोजायच्या गोष्टीत ढवळाढवळ करतंय, हे वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यामुळे कॅल्शियम एका डिशमध्ये बघा आणि जनुकं तिच्या जीकॅम्प नसलेल्या बहिणीत मोजा.

पुढचा प्रयोग मी असा करीन. एकाच दिवशी काढलेल्या पेशी, सातवा आणि चौदावा दिवस. प्रत्येक दिवशी दोन उद्दीपनं: एक पाच मिनिटं देऊन धुतलेलं, एक सलग चालू ठेवलेलं. प्रत्येकी एपी-५ सह आणि शिवाय. नमुने शून्य, १५, ६० मिनिटं, ३ तास आणि ६ तासांना. सी-फॉस, एनपास-४ आणि चौथ्या प्रमोटरचं बीडीएनएफ मोजा. शिवाय सी-फॉससाठी एक जोडी इंट्रॉनवरच्या (नव्या आरएनएतून लगेच कापल्या जाणाऱ्या तुकड्यावरच्या) प्राइमरांची ठेवा, म्हणजे एमआरएनए खरंच नवा बनतोय की जुना नुसता टिकून राहतोय हे कळेल. फॉस्फेट लागलेला क्रेब १५ व्या आणि ६० व्या मिनिटाला बघा. सलग उद्दीपनात सातव्या दिवशीही चौथा प्रमोटर ३ तासांना वर आला, तर तुमची अडचण फक्त वेळेची होती. चौदाव्यालाच आला आणि सातव्याला नाही, तर मग क्रोमॅटिनकडे वळा. तोवर क्रेबच्या अँटिबॉडीवर आणखी पैसे घालवू नका.